टांझानिया माझ्याकडे

१२ जून, गुरुवार

भिंतीपलीकडून येणारा आवाज. वर्गभर पोरं एका सुरात कविता म्हणतायत. तिसऱ्या कडव्याशी आली की सगळी एकदम गप्प. मग बाईंची पट्टी टेबलावर. मग पुन्हा पहिल्यापासून.

हायस्कूलच्या ऑफिसात मी क्लार्क होतो आणि माझ्या खुर्चीमागं पाचवी ब. सगळ्या नोकरीत पगारबिलं केली ती त्या तालावर. त्या कवितांची तिसरी कडवी मला अजून येत नाहीत, पण पहिली दोन झोपेतसुद्धा म्हणेन. मनातून मी शिक्षकच होतो. हे फार थोड्यांच्या लक्षात आलं.

आज तो आवाज कानात यायचं कारण पेपरातली बातमी. सोलापूर रोडवरच्या खासगी कृषी महाविद्यालयात यंदापासून परदेशी विद्यार्थी येणार. आफ्रिका, नेपाळ, कुठून कुठून. त्यामुळं म्हणे तुळजापूर परिसराच्या अर्थकारणाला गती मिळणार. बातमी तीनदा वाचली. चहा निवला.

वर भाडेकरू शिवकुमारची पोरगी गौरी पाट आपटत बसली आहे. विचाराला अडथळा.

१५ जून, रविवार

मुलाचा, गुरुप्रसादचा, पुण्याहून फोन. विषय नेहमीचाच. घर उत्तरेश्वरला देऊन टाका आणि आमच्याकडं या. उत्तरेश्वर म्हणजे आमच्या गल्लीतले बिल्डर. त्यांना माझ्या जागेवर लॉज बांधायचंय, पार्किंगसकट. मी म्हणालो, वर शिवकुमारचं बिऱ्हाड आहे, मी एकटा कुठाय? घराचा विषय तिथंच थांबला. हे उत्तर दर वेळी लागू पडतं.

मग म्हणाला, युरो वाढतोच आहे. माझी नात अक्षरा आयर्लंडात शिकते, दोन वर्षांचा कोर्स, त्यामुळं मुलाला युरोचा भाव तोंडपाठ. शाळेत असताना तेराचा पाढा येत नव्हता.

माझी काळजी वाटते त्याला. बाकी काही नाही.

१९ जून, संध्याकाळी

बसवराजच्या हॉटेलात बैठक. सगळ्यांना एकच धास्ती: पोरं उतरली की स्टँडवर ओढाओढ होणार. तोडगा काढला आण्णासाहेबांनी. ते पुजारी घराण्यातले. आमच्या घराण्याला पूजेची पाळी नाही, आजोबांपासून नोकरीच, पण पद्धत ठाऊक आहे. देवीच्या भक्तांचं कसं, गावाप्रमाणं पुजारी ठरलेला. भक्त गाडीतून उतरला की विचारायचं, गाव कोणतं? गाव कळलं की तो आपापल्या पुजाऱ्याच्या घरी. त्याच्या आजोबापासून हेच घर. आण्णासाहेब म्हणाले, तसेच देश वाटून घ्या.

इतकी सोपी गोष्ट जगातल्या कुठल्याही विद्यापीठाला सुचली नसेल.

नेपाळ बसवराजनं घेतला. जवळचा, वर्दळ जास्त. उत्तरेश्वरांनी नायजेरिया मागितला. भूगोल त्यांचा कच्चा, पण क्षेत्रफळ बरोबर कळतं. मी टांझानिया म्हणालो. नकाशाच्या पुस्तकात त्या पानावर बोट ठेवून बसायचो मी, लहानपणी. वर बर्फाची टोपी घातलेला डोंगर, बाजूला निळा समुद्र. कुणी हरकत घेतली नाही. 'उरलेली आफ्रिका' आण्णासाहेबांनी स्वतःकडं ठेवली.

कोंडिबा गिरणीवाला चहा पिऊन उठला. त्याला विचारलं, तुला कुठला देश? म्हणाला, "मला दळण हाय अजून."

अशा माणसांमुळं मराठवाडा मागं राहिला.

२१ जून

संकल्प. पहाटे उठणे. इंग्रजी सुधारणे. टांझानियाच्या मुलांना रोज सात ते नऊ मराठी कविता. वरच्या दोन खोल्या रिकाम्या करून घेणे.

शेवटचा संकल्प लगेच अमलात आणला. शिवकुमारला जिन्यात गाठून सांगितलं. तो सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये आहे, नळदुर्गकडचा, शांत माणूस. भाडं वाढवून पाहिजे का, विचारलं त्यानं. मी म्हणालो, प्रश्न पैशाचा नाही, देशाचा आहे. कुठल्या देशाचा, म्हणाला. टांझानियाच्या, म्हणालो. तो हसला. मी हसलो नाही. मग तोही थांबला.

गुरुप्रसादला फोनवर सगळी योजना सांगितली. त्यानं ऐकून घेतली. मग म्हणाला, ठीक आहे, दिवाळीपर्यंत वर कुणी राहायला आलं तर घराचा विषय मी परत काढणार नाही. नाही आलं तर उत्तरेश्वरशी व्यवहार आणि तुम्ही पुण्याला. कबूल?

एका क्षणात कबूल. टांझानिया कुठं पळून जातंय?

३० जून

शिवकुमारचं सामान गेलं. जळकोटला त्याच्या मेहुण्याचं घर आहे, तिथून रोज येजा करणार म्हणे. इकडं गावात सगळ्यांनीच खोल्या रिकाम्या करून ठेवल्यात, मिळायची कुठं? बँकेतला एक तरुण क्लार्कही धाराशिवला गेला. गाव विद्यार्थ्यांसाठी श्वास रोखून बसलंय.

गौरी जाताना जिन्यात उभी राहिली. म्हणाली, "आजोबा, आता तुमी कुणावर ओरडणार?"

मी ओरडलो, टेम्पो थांबलाय, पळ!

९ जुलै

अखेर शांतता. वाचनाला पोषक. फ्रीज कधी सुरू होतो आणि कधी थांबतो, तेवढंसुद्धा कळतं. टीव्ही चालू ठेवतो. बघत नाही. उपकरण वापरात नसलं की बिघडतं.

वर नवा कमोड बसवला. बोर्ड रंगवून घेतला: 'टांझानिया हाऊस', खाली बारीक अक्षरात 'सुस्वागतम्'. पेंटरनं विचारलं, जेवायचं मिळतं का इथं. दुपारी दोन ट्रकवाल्यांनीही तेच विचारलं. गल्लीतली पोरं मला टांझानिया आजोबा म्हणतात. मी मान हलवतो. मानाचा शब्द आहे.

१८ जुलै

अक्षराचा व्हिडिओ कॉल. चारुशीलानं, म्हणजे सूनबाईंनी, जोडून दिला. पोरगी वाळली आहे. आठवड्याला ठरावीक तासच काम करू देतात, दुकानात पावाचे ट्रे लावते. त्यातलं सगळं खोलीभाड्यात जातं. त्या गावात म्हणे निम्मी घरं विद्यार्थ्यांवर चालतात. मी म्हणालो, आमचंही आता तसंच होणार. ती हसली. आवाज थोडा मागून येत होता, ओठ आधी हलत होते.

तिची घरमालकीण एकटी म्हातारी बाई. अक्षरा कामावरून आली की तिला स्वयंपाकघरात धरते आणि जुन्या काळातलं काहीबाही ऐकवत बसते. अक्षरा हल्ली कानात ती गाण्याची बोंडं घालूनच घरात शिरते. मी स्पष्ट म्हणालो, अशा माणसांना उद्योग नसतो. स्वतःचा वेळ जात नाही म्हणून परक्या पोरांचा खायचा.

फोननंतर सात ते नऊच्या तासिकेचा आराखडा पक्का केला. जागा: स्वयंपाकघर. तिथं उजेड चांगला.

२५ जुलै

महाविद्यालयात जाऊन आलो. परदेशी विद्यार्थ्यांचं काम अमरदीप सरांकडं. बेंबळीचा मुलगा, पीएचडी झालेला. टेबलावर फायलींपेक्षा औषधाच्या गोळ्या जास्त. मला काका म्हणाला. म्हणाला, काका, बाहेर राहायची परवानगीच नाही, होस्टेल आणि मेस फीमध्येच धरलंय, त्याच्यावरच तर कॉलेजचा हा सगळा हिशेब बसवलाय. मग गावाला काय? असं मी विचारलं. तर म्हणाला, "गावाला रहदारी."

त्यानं माझा बोर्ड पाहिला होता. जाता येता लागतो, म्हणाला. मग पाणी दिलं.

नियम सुरुवातीला असतातच. आमच्या हायस्कूललाही ऑफिसात चपला घालून यायचं नाही असा नियम होता. किती दिवस टिकला?

३ ऑगस्ट, रविवार

स्वाहिली शिकतो आहे. कारिबू म्हणजे या. असांते म्हणजे आभारी आहे. वरच्या रिकाम्या खोलीत जाऊन मोठ्यानं म्हणतो. खोली रिकामी असली की आवाजाला भरदारपणा येतो. खाली आल्यावर मात्र तोच आवाज बारीक वाटतो, घशामुळं.

स्वागतगीतही रचलं.

दूर देशिच्या पाखरांनो, या हो माझ्या दारी,
ज्वारीची ही भाकर घ्या अन् चटणी लाल-भारी;
बालाघाटी वारा म्हणतो, परके इथे न कोणी,
दोन्ही खोल्या झाडुन ठेविल्या, नळास आले पाणी.

तिसरं कडवं जमेना. परंपरा.

हिच्या फोटोसमोर म्हणून दाखवलं. ती असती तर म्हणाली असती, नळाला पाणी एकदिवसाआड येतं, खोटं कशाला लिहायचं.

१६ ऑगस्ट

आले!

सकाळपासून आम्ही सगळे स्टँडवर. कॉलेजची बस त्यांना थेट सोलापूर स्टेशनावरून नेणार होती, पण चहासाठी आधी गावात स्टँडवर आली. उतरल्याबरोबर बसवराजनं पहिल्या पोराला विचारलं, कंट्री कोणती? पोरगं बिचकलं, त्याला वाटलं पोलीस. नेपाळी पोरं मात्र हसून बसवराजच्या हॉटेलात बसली, खारी खाल्ली आणि गेली. तेवढंच त्याच्या पदरात.

नायजेरियाचा एकही नाही. उत्तरेश्वर कॉलेजला 'फ्रॉड' म्हणाले.

एक उंच मुलगा दक्षिण सुदानचा निघाला. सुदान उत्तरेश्वरांनी नायजेरियाच्या बदली तिथंच मागून घेतला होता, म्हणून त्यांचा दावा. आण्णासाहेब म्हणाले, सुदानची वाटणी झाली, दक्षिणेकडचं बिऱ्हाड वेगळं झालं, ते उरलेल्या आफ्रिकेत. उत्तरेश्वर म्हणाले, भावकी वेगळी झाली तरी पुजारी तोच राहतो, ही तुमच्याच घराण्याची रीत. तोवर बस सुटली, आणि मुलगा मागच्या काचेतून आम्हाला हात करत गेला. हसत होता. चांगल्या घरचा असावा.

माझा टांझानियाचा? आहे. एक आहे. बसमध्ये झोपला होता. काचेला टेकलेलं डोकं पाहिलं मी. उठवू दिलं नाही कुणाला. प्रवासानं दमला असेल.

घरी येऊन वरच्या पलंगावर चादर बदलली.

२ सप्टेंबर

गावाची नस न् नस बदलते आहे. म्हणजे बदलायला पाहिजे होती. बसवराजनं आणलेला चीजचा डबा त्यानं स्वतःच संपवला. पोट बिघडलं. न्हाव्यानं त्या मुलांचे केस कापायला घेतले आणि मध्येच हात टेकले. मुलं आता एकमेकांचे कापतात. मोबाइल रिचार्ज ती फोनवरच मारतात.

फक्त एका माणसाचं भाग्य उघडलं: कोंडिबाचं. त्या मुलांना मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करून खायचा असतो, मेसमध्ये तो मिळत नाही. म्हणून रविवारी सगळी त्याच्या गिरणीत. कोंडिबानं मक्यासाठी वेगळी चक्कीच लावली. त्यानं एकही देश घेतला नव्हता. मी टोमणा मारला. तो म्हणाला, "काका, देश कुणाचा बी असू द्या, भूक लागतीच की."

त्याच्या गिरणीच्या बाकावर तासभर बसून आलो. दळण नव्हतं माझं. आवाज आवडतो.

१४ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस सोनेरी अक्षरात.

अमरदीप सर स्वतः टांझानियाच्या मुलाला घेऊन आले. नाव एमॅन्युएल. दारात 'कारिबू' म्हणालो. तो थबकला, मग इतका हसला की जिन्यातली पोरं पळाली. माझा उच्चार बरोबर होता म्हणूनच.

त्याला सगळं दाखवलं: वरच्या खोल्या, कमोड, खिडकीतून दिसणारं देवळाचं शिखर. अमरदीप मध्ये मध्ये सांगत होता की होस्टेल सोडता येणार नाही. ते मी मुलाला इंग्रजीत नीट समजावलं, म्हणजे नियम बदलतील हे. तो 'येस सर, येस सर' म्हणाला. मग स्वयंपाकघरात बसवून दोन कविता म्हणून दाखवल्या, स्वागतगीत धरून तीन. त्यानं चहा संपवला, साखर मागितली, पुन्हा संपवला. शेवटी त्यानं खिशातून ती कानातली बोंडं काढली, माझ्याकडं पाहिलं आणि परत ठेवली. चांगलं वळण.

निघताना त्यानं विचारलं, इथं अंडी कुठं मिळतात? मी कोपऱ्यापर्यंत चालत गेलो दाखवायला.

परत येईल. अंडी संपली की येईलच.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

गाव माणसांनी ओसंडलं आहे. सकाळपासून कुणी ना कुणी दार वाजवतं: खोली आहे का, लेकरं आहेत बरोबर, चार दिवस. शिवकुमार यायच्या आधी दर नवरात्रात मी द्यायचो. यंदा नाही म्हणालो. राखीव आहे. एक म्हातारी बार्शीकडची, बोर्ड वाचून म्हणाली, "टांझानिया कुटल्या तालुक्यात?" तिला पाणी दिलं. ओट्यावर बसून बराच वेळ बोलली, तीन सुनांचं. मग तिचा मुलगा घेऊन गेला.

रात्री आरतीचा आवाज वरपर्यंत येतो. खिडकी उघडी ठेवली.

२८ सप्टेंबर

गुरुप्रसादला कुणी काय सांगितलं देव जाणे. मी न्हाणीत पडलो नव्हतो. खाली बसलो, जरा जोरात. थोडा वेळ उठलो नाही, कारण उठायची घाई नव्हती. दूधवाल्यानं हाक मारली तेव्हा उठलो. शिवकुमार वर असता तर त्यानं उगाच धावपळ केली असती, बरं झालं तो नव्हता.

तो आज आला होता, दवाखान्यातून घरी जाताना. दूधवाल्यानंच त्याला सांगितलं असणार. गुडघ्याला पट्टी बांधून दिली. मी म्हणालो, गौरी काय म्हणते? म्हणाला, जळकोटच्या शाळेत नाव घातलंय, कविता पाठ करते. कुठली, विचारलं. त्याला सांगता येईना. असा बाप.

जाताना म्हणाला, "काका, बोर्ड काढा आता. लोक हसतात, मला ऐकवत न्हाय."

हसू देत. हसणारा माणूस गिऱ्हाईक होण्याच्या जवळ असतो.

५ ऑक्टोबर, रविवार

देवी दसऱ्यानंतरच्या श्रमनिद्रेत. पौर्णिमेपर्यंत पलंगावरच. गावातली सगळी गजबज एकदम विझल्यासारखी.

गुरुप्रसाद आणि चारुशीला दोघंही फोनवर, म्हणजे गंभीर. दिवाळीची आठवण करून दिली. मी म्हणालो, अजून वेळ आहे. तो म्हणाला, बाबा, तुमच्याशिवाय त्या घरात कोण आहे? मी म्हणालो, बोलणी चालू आहेत. कुणाशी? परदेशाशी.

मग सूनबाई रडल्या. म्हणाल्या, बाबा, आम्हाला यंदा दुसरा इलाज नाही. सांगता येत नाही तुम्हाला. माझ्या गुडघ्याचं इतकं मनावर घेतील असं वाटलं नव्हतं. बायका हळव्या असतात. म्हणालो, अहो, सूज उतरली आहे.

८ ऑक्टोबर

जळकोटला गेलो, एसटीनं. सहज. हायवेला हवा चांगली असते.

शिवकुमारचं घर सापडलं. आडून आडून विचारलं, येजा करून दमत असाल. तो म्हणाला, दमतो, पण गौरीची शाळा सुरू झाली, मध्येच कशी काढू? दुसऱ्या वर्षी बघू. मी म्हणालो, मी कुठं विचारतोय, मी तर हवा खायला आलो. त्याच्या बायकोनं जेवायला वाढलं. गौरीनं कविता म्हणून दाखवली, सगळी, न अडखळता. तिसरं कडवंसुद्धा. मी ऐकलेली नव्हती ती, नवीन पुस्तकातली.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. झोप लागली.

११ ऑक्टोबर

अमरदीप सर वाटेत भेटले. पुढच्या वर्षी परदेशी मुलं येणार की नाही, नक्की नाही. ज्या एजंटानं ही आणली, त्याला दुसऱ्या जिल्ह्यातलं कॉलेज जास्त देतं. नेपाळची दोन पोरं पुण्याला बदली मागतायत. एमॅन्युएल? तो सुट्टीत हैदराबादला, मित्राकडं. कॉलेजनं नवं होस्टेल बांधायला काढलं होतं, ते खांबांवरच उभं आहे. अमरदीपची स्वतःची नोकरी वर्षाच्या करारावर. हे त्यानं अगदी शेवटी सांगितलं, गाडीला किक मारताना.

गावात भाडी आता उतरतायत. पण जे गेले ते परत यायला तयार नाहीत. आण्णासाहेब म्हणाले, आपण देश चुकीचे निवडले. पुढच्या वेळी अमेरिका घेऊ.

उत्तरेश्वर फीत घेऊन आले होते. मी घरी नव्हतो म्हणून बाहेरूनच मापं घेऊन गेले. मी घरातच होतो.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

आवराआवर. गुरुप्रसाद सोमवारी गाडी घेऊन येतो. अभ्यंगस्नान इथं, फराळ पुण्यात. पाडव्यानंतर कागदपत्रं.

नीट विचार केला तर पुणे वाईट नाही. तिथं तर परदेशी विद्यार्थी पोत्यानं आहेत. तुळजापूर हे माझ्या योजनेला लहान पडलं, असं म्हणता येईल. बाराव्या मजल्यावर शांतता असते म्हणे. गॅलरीतून माणसं मुंग्यांसारखी दिसतात. चांगलं. फार जवळून माणसं पाहिली की कंटाळा येतो.

बोर्ड उतरवला. मागच्या बाजूनं लाकूड अजून चांगलं आहे. तुळशीचं काय करायचं, शेजारी गजराबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी घालीन पाणी, पण नवा मालक वृंदावन ठेवील का? मी म्हणालो, नक्की ठेवील. उत्तरेश्वर धार्मिक आहेत. पार्किंगमध्ये ठेवतील.

हिचा फोटो शेवटी काढणार. भिंतीवर त्या जागी चौकोन उमटलेला असणार, तो आत्ताच कशाला बघा.

१९ ऑक्टोबर, रविवार. दुपार

जेवण झालं. भांडी घासून ठेवली, एकच ताट. वरच्या खोल्यांना कुलूप घालायला जिना चढत होतो, दार वाजलं.

मनात आलं, एमॅन्युएल. हैदराबादहून परतला असणार. केसावरून हात फिरवला. जिना उतरताना गुडघा कुरकुरला, तरी उतरलो.

दारात अक्षरा.

इतक्या उन्हात अंगात जाड कोट. दोन मोठ्या बॅगा, रिक्षावाला तिसरी उतरवतोय. हैदराबादला उतरली, तिथून बसनं आली. पुण्याला सांगितलेलंच नाही. डोळ्यांखाली काळं. वाकून नमस्कार केला, आणि वाकलेलीच राहिली थोडा वेळ.

पाणी दिलं. मग एका दमात बोलली.

"आजोबा, दुसऱ्या वर्षाची फी हे घर विकून भरणार होते बाबा. आईच्या तोंडून निसटलं गेल्या आठवड्यात. मी कोर्समधून नाव काढून घेतलं. आता ओरडायचं तर ओरडा."

गुरुप्रसादला माझी काळजी वाटते, असं मी या वहीत किती वेळा लिहिलं असेल. ती पानं आज उलटणार नाही.

ओरडलो नाही. म्हणालो, जेवलीस का? नाही म्हणाली. पिठलं टाकतो म्हणून आत गेलो. कांदा चिरायला घेतला. डोळ्यांना पाणी येणारच, कांदाच तसा होता.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. कानात काही नव्हतं. म्हणाली, आजोबा, वरच्या खोल्या दिल्यात का कुणाला?

मी कढईतलं ढवळत राहिलो.

म्हणालो, चौकशा बऱ्याच आहेत. पण बघू.